चेकवर सही करण्याआधी

पुणे, रविवार सकाळ

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तुझ्या रात्री कशा जात असतील ते कळलं. मामांनी विश्वासानं तुला ट्रस्टी नेमलं, इतकी वर्षं तू एक रुपया न घेता घरपट्टीपासून भाचरांच्या फीपर्यंत सगळं पाहिलंस, आणि आता त्यांच्यातल्याच एकानं दावा लावला: हिशेब द्या आणि पायउतार व्हा. वर तुझा जोडीदार ट्रस्टी म्हणतो, वकिलाची फी ट्रस्टच्या खात्यातून देऊन टाकू, त्यात काय एवढं.

अजून देऊ नकोस. मी दिली होती, म्हणून सांगतो.

आत्याच्या ट्रस्टची हकीकत तुला अर्धीच ठाऊक आहे. नारायण पेठेतला वाडा पाडून इमारत झाली, तेव्हा तिच्या वाट्याला दोन फ्लॅट आले. एकात ती आणि लेक, दुसरा भाड्यानं. माझी ही आतेबहीण पन्नाशीला आली, पण तिला अजून एकटीनं रस्ता ओलांडता येत नाही. आपल्यामागे हिचं कसं होणार, या एका काळजीपोटी आत्यानं ट्रस्ट डीड रजिस्टर केलं. बहिणीला जन्मभर सांभाळायचं, तिच्यानंतर उरेल ते दिराच्या मुलाला.

आत्या गेल्यावर वर्षभरातच भाडेकरूनं भाडं थकवलं आणि जागाही सोडेना. आम्ही दावा लावला, खर्च ट्रस्टमधून केला. तो बरोबरच होता. १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमाचं कलम ३२ आहे ना, ते यासाठीच: ट्रस्ट चालवताना किंवा मालमत्ता राखताना योग्य रीतीनं झालेला खर्च ट्रस्टीनं ट्रस्टच्या मालमत्तेतून घ्यावा. पदरमोड केली असेल तर त्या रकमेचा आणि व्याजाचा पहिला बोजा, म्हणजे इतरांआधी वसुलीचा हक्क, मालमत्तेवर बसतो. कोर्टाच्या परवानगीनं खर्च केला नसेल, तर त्या बोजापोटी मालमत्ता विकायला लावता येत नाही. पैसे मिळेपर्यंत तिची विल्हेवाट थांबवता येते, एवढंच. पण हक्क पक्का.

चूक झाली ती दुसऱ्या दाव्यात. आधीच्या भाडेकरूनं छळलं म्हणून मी तो फ्लॅट ओळखीच्या माणसाला दिला, भाडं जरा कमी लावून. दोन एजंटांना विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही. दिराच्या मुलानं नेमकं तेच धरलं आणि मला काढून टाकण्यासाठी दावा केला. मी चिडलो. एवढं निःस्वार्थपणे केलं आणि हा माझ्यावर संशय घेतो! त्या रागात ट्रस्टची मुदत ठेव मोडली आणि वकिलांचे पहिले दोन हप्ते ट्रस्टच्या चेकनं दिले.

पुढच्या महिन्यात बहिणीला सांभाळणाऱ्या मावशी दारात आल्या. पगार झाला नव्हता. त्या ओशाळून उभ्या, आणि बहीण त्यांचा पदर धरून. मित्रा, मी ज्या पैशानं स्वतःचं नाव राखत होतो तो तिच्या जेवणाखाणाचा पैसा होता. मी कोर्टात जिंकलो असतो तरी तो महिना तिचाच गेला होता.

त्याच आठवड्यात रक्कम परत भरली. पुढे तडजोड झाली: भाडं बाजारभावाला आणलं, मधला फरक मी भरला, वकिलांचा खर्च ज्याचा त्यानं सोसला.

कलम ३२ मधला सगळा जीव ‘योग्य रीतीनं’ या शब्दांत आहे. भांडण ट्रस्टच्या मालमत्तेसाठी असेल तर खर्च ट्रस्टचा. तुझ्या वागण्यावर आरोप असेल आणि तो खरा ठरला, तर खर्च तुझा. डीडमध्ये ‘विश्वस्तांना तोशीस लागू नये’ असं कलम असलं तरी लबाडीला ते पांघरूण घालत नाही. आणि आरोप खोटा ठरला तर? तेव्हा खर्च ट्रस्टमधून मिळावा असं तू कोर्टाकडे हक्कानं मागू शकतोस. समोरच्याकडून मात्र फार आशा धरू नकोस. खोट्या दाव्याबद्दल दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-अ खाली मिळणारी भरपाई ३,००० रुपयांच्या वर जात नाही. तेवढ्यात वकील एका तारखेलाही उभे राहत नाहीत.

विलायतेत १८९३ साली बेडो खटल्यात हेच झालं. ट्रस्टी कोर्टाला न विचारता एका दाव्यात लढला आणि हरला. अपील कोर्टानं त्याला पूर्ण खर्च ट्रस्टमधून घेऊ दिला नाही. कोर्टाला आधी विचारायला जेवढा खर्च लागला असता तेवढाच घे, म्हणाले. तिथले ट्रस्टी तेव्हापासून आधी कोर्टाची परवानगी काढतात.

आपल्याकडेही ती सोय आहे, आणि लोक ती वापरत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं. त्याच १८८२ च्या कायद्याचं कलम ३४: ट्रस्टच्या कारभारातल्या प्रश्नावर वेगळा दावा न लावता जिल्हा न्यायालयाचा सल्ला मागता येतो. खरी हकीकत प्रामाणिकपणे मांडली आणि मिळालेल्या सल्ल्याप्रमाणे वागलास, तर त्या बाबतीत तुझी जबाबदारी पार पडली असं कायदा मानतो. प्रश्न फार गुंतागुंतीचा असेल तर कोर्ट तो या वाटेनं घेत नाही, म्हणून नेमका आणि छोटा प्रश्न विचारावा लागतो. मला हे शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात एका वृद्ध वकिलांनी सांगितलं, तोवर ठेव मोडून झाली होती.

तुझ्या दाव्यात मला दोन धागे दिसतात. घर ट्रस्टचं नाहीच, असं भाचा म्हणतो तो एक. त्यात ट्रस्टनं लढलंच पाहिजे. तुझ्या हिशेबांवरचा आक्षेप हा दुसरा. वकिलांना आत्ताच सांग, दोन्हींची बिलं वेगळी करा. मागाहून ती वेगळी काढणं जमत नाही, मी प्रयत्न केलाय. दुसऱ्या भागाचे पैसे सध्या खिशातून दे, पावत्या जप. जोडीदाराला सांग, डीडमध्ये वेगळं लिहिलं नसेल तर एकट्या ट्रस्टीला असा निर्णय घेता येत नाही. दोघांच्या सहीचा लेखी ठराव हवा.

आणि गावच्या देवस्थानाच्या मंडळाला हे जसंच्या तसं लावू नकोस. १८८२ चा कायदा सार्वजनिक धर्मादाय संस्थांना लागू नाही. त्यांचा १९५० चा कायदा वेगळा, तिथे धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागतं.

राजीनामा देऊ का, असं शेवटी लिहिलंस. आत्ता नको. हिशेब न देता बाहेर पडलास तर आरोप तसाच अंगावर राहील आणि धाकट्या भाचीचं पाहायला कोणी उरणार नाही. तू नऊ वर्षांच्या वह्या नीट ठेवल्यात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पुढच्या शनिवारी डीड, पासबुकं आणि दाव्याची प्रत घेऊन ये. रात्री इथेच राहा, दोघं बसून एकेक नोंद लावू. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच