सिएटलचे सोंगाडे

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, "आई, तुझ्या रडक्या लोकांच्या गावात राहतोय, इथं आभाळसुद्धा रडकंय." बाबा हसले, मीही हसले. मग भांडी आवरताना राग आला. रडके? माझी माणसं? मेसेज केला असता तर तू अंगठ्याचं चित्र टाकून मोकळा झाला असतास, म्हणून हे पत्र. पूर्ण वाच.

मी गिरगावातली, मराठी शाळेतली, हे तुला पाठ आहे. १९९२ साली आमच्या चाळीत केबल आली, तीही समोरच्या बिऱ्हाडात. तिथं उंबऱ्यात बसून मी एमटीव्हीवर तुझ्या सिएटलकडचा निर्वाणा हा बँड पहिल्यांदा पाहिला. शाळेची जिम, धूर, आणि पिवळ्या केसांचा एक पोरगा घसा फाडून ओरडतोय. अक्षर कळेना. मला वाटलं, आपलं इंग्रजीच कच्चं. कॉलेजात कॉन्व्हेंटच्या मुली माना डोलवायच्या, म्हणून मीही डोलवायचे.

पुढं काही महिन्यांनी त्याच चॅनेलवर तीच जिम, तोच धूर, पण माणूस दुसरा. वियर्ड अल यँकोविक, गाण्यांची विडंबनं करणारा. तो तोंडात गोट्या भरून गात होता, मध्येच गुळण्या करत होता, आणि गाण्याचा विषयच हा, की या निर्वाणाचा एक शब्द कुणाला कळत नाही! म्हणजे अमेरिकेतही कळत नव्हता. त्या पावणेचार मिनिटांत माझ्या मनातली केवढी लाज धुऊन निघाली, ती तुला, ज्युनिअर केजीपासून इंग्रजीत शिकलेल्याला, नाही समजायची.

आणि त्याला परवानगी कुणी दिली? खुद्द कर्ट कोबेननं, निर्वाणाच्या त्या पिवळ्या केसांच्या गायकानं. अलनं त्याला फोनवर गाठलं, तेव्हा कोबेननं विचारलं, "खाण्यावर आहे का?" (मायकल जॅक्सनच्या गाण्याचं अलनं खाण्याचं गाणं केलं होतं ना.) अल म्हणाला, नाही, तुझे शब्द कळत नाहीत यावर आहे. हा म्हणाला, मग कर. असा माणूस रडका असतो?

१९९१ साली बीबीसीवर त्यांना वाजवायचं होतं टेपवर, नुसते हात हलवायचे, गळा तेवढा खरा. तर यानं गाणं खर्जात, झोपाळू आवाजात गायलं, आणि त्याचा जोडीदार, तो उंच क्रिस्ट नोव्होसेलिक, बास गिटार डोक्यावर गरगर फिरवत राहिला. पुढच्या वर्षी इंग्लंडच्या रेडिंग महोत्सवाआधी कोबेनची तब्येत ढासळल्याच्या अफवा उठल्या. हा पठ्ठ्या व्हीलचेअरवर, दवाखान्याचा गाऊन आणि केसांचा टोप घालून मंचावर आला, एक ओळ म्हटली आणि धाडकन आडवा पडला. मग उठून सगळा कार्यक्रम वाजवला.

तमाशाच्या फडात सोंगाड्याची बतावणी आणि काळीज कापणारी लावणी एकाच बोर्डावर होते, कुणी त्याचे दोन तुकडे करत नाही. या लोकांचे मात्र केले. पोस्टरवर फक्त दुःख छापलं, कारण ते खपतं. तू दहावीत असताना लिंकिंग रोडवरून तो निर्वाणाच्या पिवळ्या स्मायलीचा टी-शर्ट आणलास आणि एक गाणं सांग म्हटल्यावर गप्प बसलास, ते आठवतं का? मी रागावले नव्हते. स्मायलीच होता तो, निदान रडका चेहरा तरी नव्हता.

बरं, तुझ्या गावातली सब पॉप ही रेकॉर्ड कंपनी. निर्वाणाचा पहिला अल्बम यांनीच काढला, ६०६ डॉलरमध्ये रेकॉर्ड झालेला. कंपनी आपला वाढदिवस १ एप्रिलला मोजते, १९८८ पासून. एप्रिल फूल! १९९२ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्क टाइम्सला ग्रंजवाल्यांची, म्हणजे निर्वाणासारख्या सिएटलच्या बँडवाल्यांची, खास बोलीभाषा छापायची होती. त्यांनी मेगन जॅस्परला विचारलं, ती आधी सब पॉपची रिसेप्शनिस्ट होती. तिनं बसल्या जागी शब्द बनवले. नुसतं उंडारणं म्हणजे 'स्विंगिंग ऑन द फ्लिपिटी-फ्लॉप'. पेपरानं अगदी शब्दार्थांसकट छापलं! पुढं हीच बाई त्या कंपनीची सीईओ झाली. मला यातलं काय आवडतं सांगू? बाहेरचा माणूस येऊन तुमच्यावर प्रबंध लिहायला लागला, की त्याच्या हातात शेपूट द्यावं आणि हत्ती म्हणून सांगावं.

तू लोळून हसायचास त्या न्यूझीलंडच्या जोडगोळीला, फ्लाइट ऑफ द कॉनकॉर्ड्सना, २००८ साली विनोदाचं ग्रॅमी मिळालं, ती रेकॉर्डही सब पॉपचीच. म्हणजे माझं कपाट आणि तुझा मोबाइल एकाच दुकानातून भरलेत. तुझ्या बाकीच्या स्टँडअपवाल्यांबद्दल माझं मत तुला माहीत आहे. माइक धरून स्वतःच्या आईची नक्कल करणं म्हणजे विनोद नव्हे. दहातले दोन बरे असतात. (तुझ्या गावातल्याच पर्ल जॅम बँडबद्दलही असंच. आवाज सोन्यासारखा, पण हसायला काय जातं?) मडहनी हा बँड ऐक. २०१३ मध्ये ते त्या स्पेस नीडल मनोऱ्याच्या टोकावर चढून वाजवून आले, आणि तेही सब पॉपच्या पंचविशीला. तुझ्या खिडकीतून दिसते म्हणालास ना ती?

आता जरा बस.

एप्रिल १९९४ मध्ये कोबेन स्वतःच्या हातानं गेला तेव्हा मी १९ वर्षांची होते. तो २७ चा. दोन दिवस मी कॅसेट उलटसुलट करून रडले, मला वाटलं माझं काहीतरी गेलं. आता तेच आठवलं की मला त्याची मुलगी दिसते. दोन वर्षांचीही नव्हती. त्याआधी नोव्हेंबरात न्यूयॉर्कला त्यांचा तो अनप्लग्ड कार्यक्रम झाला, लिलीची फुलं, मेणबत्त्या. डेव्हिड बोवी या गायकाच्या गाण्याआधी तो म्हणतो, हे मी नक्की बिघडवणार. आणि अजिबात बिघडवत नाही. तिथं मीही इतकी वर्षं हसत आले. आता टेप तिथं आली की मी हसत नाही, कान देते.

रविवारी तू चाळीस मिनिटं बोललास. सव्वाचारला सूर्य मावळतो यावर जोक, रूममेटच्या मोज्यांवर जोक, खिचडी करपली यावर तीन जोक. शाळेतून मार खाऊन आलास की असाच यायचास, दारातूनच नकला करत. रात्री कुणाबरोबर जेवतोस, ते मात्र चाळीस मिनिटांत आलं नाही. मी विचारणार होते, पण तू मला हसवत होतास.

तर आता विचारते. कुणाबरोबर जेवतोस?

सिएटल सेंटरला केईएक्सपी रेडिओचं ठिकाण आहे, तिथं कुणीही जाऊन बसू शकतं, कॉफी मिळते. संध्याकाळी खोलीवर जाण्याआधी तासभर बस. गाणी आवडली नाहीत तरी बस. कोबेनच्या घराजवळच्या बागेत बाक आहे, लोक त्यावर काय काय लिहून येतात. तिथं एकटा जाऊ नकोस, उन्हाळ्यात आपण दोघं जाऊ.

मेतकूट आणि लसणाची चटणी पाठवलीय, चटणी दोनदा पिशवीत बांधलीय. येताना विमानतळावरच्या सब पॉपच्या दुकानातून 'लूझर' लिहिलेला टी-शर्ट आण. मला मीडियम. बाबांना एक्सएल, ते म्हणतात ऑफिसात घालणार.

तुझी,
आई