माउनला पाणी आलंय

ती. आई, आबा आणि आज्जी,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आबा विचारत होते ना की जुलैत तुमच्याकडं थंडी, पावसाचा टिपूस नाही, मग पूर कसला बघायला चाललाय, तर ते दोन मिनिटांत सांगण्यासारखं नव्हतंच म्हणून आता निवांत लिहितीय. ओकावांगो, म्हणजे इथं बोत्सवानातला त्या नदीचा त्रिभुज प्रदेश (डेल्टा), बघून आलो. राजधानी गॅबरोनीहून डेल्टाजवळचं माउन गाव साडेआठशे किलोमीटरच्या वर आहे, रस्ता सरळसोट, मधेच गाढवं आडवी येतात, बाकी प्रवासात सांगण्यासारखं काही नाही.

तर पाऊस पडतो तो इथं नाहीच, तो पडतो लांब अंगोलाच्या डोंगरात, आपल्या संक्रांतीपासून पुढं महिना-दोन महिने. ते पाणी कुबांगो आणि कुइतो या नद्यांतनं खाली येतं, नामिबियाचा एक चिंचोळा पट्टा ओलांडतं आणि मोहेंबोपाशी बोत्सवानात शिरतं, ते मार्च-एप्रिलात. तिथनं माउनला पोचायला जून-जुलै उजाडतो! का तर उतारच नाही, अडीचशे किलोमीटरला जेमतेम 60 मीटर, खाली सगळी कालाहारी वाळवंटाची वाळू आणि वर पपायरस म्हणून उंच पाणगवत असतं त्याचं दाट रान. म्हणजे आभाळात ढग नाही, गवत वाळून पिवळं पडलंय, हवा अशी कोरडी की ओठ फुटतात, आणि नेमकं तेव्हा पाणी येतंय. माउनमधनं जाणाऱ्या थामालाकाने नदीच्या कोरड्या पात्रात पाण्याचं टोक इतकं हळू सरकतं की लोक मुद्दाम बघायला जातात, पोरं त्याच्यापुढं नाचत चालतात म्हणे. आम्ही गेलो तोवर पात्र भरलेलं होतं. मला सारखा 2019 चा महापूर आठवत होता, सांगलीच्या आयर्विन पुलाची पातळी किती झाली किती झाली करत त्या ऑगस्टात तुम्ही रात्री काढल्या, आणि इथं आमच्या लॉजवाल्या बाई सांगत होत्या की पाणी कमी येईल या काळजीनं झोप लागत नाही.

आबांना टीएमसीतच सांगते. वर्षाला साधारण साडेतीनशे टीएमसी पाणी येतं, म्हणजे कोयना तीनदा भरून वर उरेल. आणि हे सगळं समुद्राला मिळत नाही, एवढं पाणी पसरतं आणि ऊन आणि झाडं मिळून जवळजवळ सगळं उडवून टाकतात, अगदी थोडं बोतेती नदीनं पुढं मकगडीकगडीच्या मिठागरांकडं जातं. चांगल्या वर्षी पाणी पसरलं की आपल्या अख्ख्या सांगली जिल्ह्यापेक्षा मोठा पसारा होतो.

आता आबा, तुम्ही म्हणाल एवढं पाणी नुसतं उडून जातंय तर क्षार मागं राहणार, जमीन क्षारपड होणार, आपल्याकडं उसाच्या पट्ट्यात झाली तशी. अगदी हाच प्रश्न मी नावाड्याला विचारला. तो एका बेटावर घेऊन गेला. कडेला मोठी मोठी झाडं, आणि चालत आत गेलं की मधोमध उजाड पांढरं मैदान, झाड नाही काही नाही. ही झाडं कडेचं पाणी ओढून घेतात, क्षार बेटाच्या पोटात साठत जातात आणि म्हणून बाहेरचं पाणी गोड राहतं. आणि यातली कित्येक बेटं सुरू कशी झाली माहितीये का, वारुळापासून! वाळवीनं उंचवटा केला, पुरातनं तो वर राहिला, त्यावर पक्ष्यांनी बिया टाकल्या. मला सगळ्या ट्रिपमध्ये हत्तीपेक्षा हे जास्त आवडलं, अमोल हसतो मला.

नावेला मोकोरो म्हणतात, पूर्वी अख्खं झाड कोरून करायचे, आता झाडं वाचावीत म्हणून बऱ्याच फायबरच्या असतात. दोघं बसायची आणि नावाडी मागं उभा राहून लांब काठीनं ढकलतो. पाणी काचेसारखं, तळाची वाळू दिसते, कमळाच्या पानांवर कमळपक्षी चालतात, आणि वर झाडावर मासेमार गरुड सारखा ओरडत असतो. लेचवे म्हणून तांबूस हरणं आहेत, त्यांचे खूर लांब आणि फाकणारे, त्यामुळं चिखलातनं, पाण्यातनं उड्या मारत पळतात आणि सिंहाला मागं टाकतात. पाणघोडे डोहात बसलेल्या म्हशींसारखे, नाक-डोळे तेवढे वर, पण नावाडी त्यांच्यापासून चांगलं अंतर ठेवूनच जायचा. मात्र त्यांच्या येण्याजाण्यानंच पपायरसमधल्या वाटा मोकळ्या राहतात, नाहीतर गवतानं पाणी तुंबलं असतं. सिंह काही दिसला नाही, चिऊ रुसली. पण मोरेमीत रानकुत्र्यांचा कळप दिसला, ठिपक्याठिपक्यांची, मोठ्या गोल कानांची, त्यावर तिची समजूत निघाली. हे मोरेमी अभयारण्य 1963 मध्ये बताव्हाना लोकांनी स्वतःच्या जमिनीवर राखलं, तेव्हा कारभार बघणाऱ्या राणी एलिझाबेथ पुलाने मोरेमी यांच्या पुढाकारानं, देश स्वतंत्र व्हायच्याही आधी.

परत येताना एक मजा. वाटेत सरकारी नाका, सगळ्यांना खाली उतरवलं, बूट औषधाच्या ओल्या पोत्यावर पुसायला लावले, गाडीची चाकं औषधाच्या पाण्यातनं, आणि डबे उघडून कच्चं मांस आहे का बघितलं. कारण काय तर लाळ-खुरकूत! तिथल्या रानटी म्हशींच्या अंगात तो रोग असतो, त्यांना काही होत नाही पण गाईंना होतो, आणि इथनं बीफ युरोपला जातं म्हणून डेल्टाच्या कडेनं लांबच लांब तारेचं कुंपण घातलंय. या कुंपणावर इथं भांडणं आहेत, कारण अशा कुंपणांनी रानातल्या जनावरांच्या पाण्याकडं जायच्या जुन्या वाटा अडतात. पण गाई आत शिरल्या नाहीत म्हणून चराईनं ते रान गेलं नाही, हेही तितकंच खरं. मला तरी दोन्ही पटतं. आबा, तुमचं काय मत ते लिहा, आपल्या जनावरांची लसटोचणी झाली का तेही.

फोटो अमोल ग्रुपवर टाकतोय, आज्जीला टीव्हीवर मोठे करून दाखवा, मोबाईलवर तिला काही दिसत नाही. डिसेंबरात येतोय, तिकिटं अजून काढायचीयेत. आई, कांदा-लसूण मसाला संपत आलाय, तेवढा दोन किलो करून ठेव, तिखट जरा कमी घाल कारण आता चिऊ पण खाते.

तुमची,
सोनल