गॅरेजातल्या पेंटर मामांस, फाळाकडं बघायला लावलंत म्हणून

मामा,

सप्रेम नमस्कार.

शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी आणि शाळांच्या नाटकांसाठी आम्ही परभणीत फोमची चिलखतं, शिरस्त्राणं, दस्ताने करतो. तुम्ही ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचं डेंटिंग-पेंटिंग करता. आमचा फोम आज लोखंडासारखा दिसतो तो तुमच्यामुळं. तुम्ही शिकवलेलं बाकीच्यांनाही मिळावं म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

"चांदी कशाला फासायलाव? नांगराच्या फाळाकडं बघा की." हे तुमचं पहिलं वाक्य. फाळाचं टोक मातीत घासून लखलखतं, त्याच्या वरचा भाग काळपट करडा असतो आणि बोल्टच्या खाचेत गंज बसलेला असतो. लोखंड एकच, रंग तीन, आणि प्रत्येकामागं कारण. चिलखताचंही तसंच. छातीच्या पत्र्याची कड, कोपर आणि म्यान घासते ती डावी मांडी उजळ हवी. बगल, पट्ट्याखालची जागा आणि रिव्हेटचा घेर काळा राहायला हवा.

रंगाच्या आधीचं काम तुम्ही जास्त ताणून करून घेतलंत, ते बरं झालं. ईव्हीए फोमवरून (चपलांच्या तळव्यासारखा लवचिक फोम) हीट गन फिरवायची, पृष्ठभागाला किंचित चकाकी आली की थांबायचं. बाक द्यायचा तोही याच वेळी, कारण रंगानंतर गरम केलं की फोड येतात. मग फेविकॉल आणि पाणी समप्रमाणात मिसळून चार पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर पुढचा. घट्ट लावलं तर ओघळ गोठतात आणि काळ्या रंगाखालूनही दिसतात. गाडीच्या पत्र्याचे खड्डे भरायची लांबी (पुट्टी) फोमवर भरायची नाही हेही तुम्हीच सांगितलंत: ती वाळून दगड होते, फोम वाकतो आणि तडा तिथंच जातो. थर्माकोलचं शिरस्त्राण असेल तर फेविकॉलचा एकही ठिपका सुटता कामा नये. स्प्रेमधलं थिनर तेवढ्या भोकातून आत शिरून थर्माकोल खातं.

त्यावर मॅट काळा स्प्रे. डबा २० ते २५ सेंटीमीटरवर, हात सतत हलता, दोन पातळ थरांत १० मिनिटं. आपल्याकडं एप्रिल-मेच्या दुपारी रंग हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा खरखरीत होतो, म्हणून हे काम उजाडतानाच.

चांदीचा रंग आता लागतो, तोही नावापुरता. चपटा ब्रश रंगात बुडवून जुन्या वर्तमानपत्रावर इतका पुसायचा की कागदावर काही उमटेनासं व्हावं. मग तो कडांवरून आडवा, हलका फिरवायचा. पहिल्याच फटकाऱ्यात चांदी दिसली तर ब्रश ओला आहे.

खरी कसरत मळाची, म्हणजे खाचांत बसवायच्या पातळ गडद रंगाची. काळा ॲक्रिलिक १ चमचा, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी रंग) १ चमचा, पाणी ८ ते १० चमचे आणि भांडी घासायच्या लिक्विडचा १ थेंब. साबण नसला की पाण्याचे मणी होतात, रंग खाचेत उतरत नाही. मळाआधी चकचकीत वार्निशचा एक हात द्यायचा. मॅटवर मळ जागीच शोषला जातो आणि सगळं चिलखत सारखंच मळकट दिसतं. तळहाताएवढाच भाग घ्यायचा, लावायचं, मिनिटभरात सुती फडक्यानं वरून खाली पुसायचं, कारण पाऊसही तसाच ओघळतो. मोठा भाग एकदम घेतला की कडेला वाळल्याचे डाग राहतात आणि ते निघत नाहीत.

रंग उडाल्यासारखे टवके स्पंजनं काढायचे. स्पंज कात्रीनं न कापता हातानं फाडायचा, आधी गडद तपकिरी टिपायचं, मग त्याच्या आत थोडी चांदी. सरळ कापलेल्या स्पंजचे टवके चौकोनी उमटतात.

गंजाबाबत तुमची शिस्त आम्ही काटेकोर पाळतो. चाळलेला विटेचा भुगा बर्न्ट सिएनात (तांबूस तपकिरी रंगात) कालवून खाचेत भरायचा, मधोमध नारिंगी ठिपका, रिव्हेटखाली एक बारीक ओघळ. ढालीवरच्या पितळी फुलांना गंज अजिबात नाही. पितळ काळपट तपकिरी होतं, खोबणीत हिरवट होतं. देवगिरीवरची मेंढा तोफ पंचधातूची, लोखंडासारखा तांबडा गंज तिच्यावर यायचा नाही. आणि ढालच कातड्याची असेल तर तिला चांदीचे टवके कसे पडतील? तिथं ओरखडे फिक्या तपकिरी रंगाचेच.

शेवटचा धडा मातीचा, आणि आम्हाला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. चित्रं बघून लाल धूळ मारायची सवय सगळीकडं आहे. पण परंडा, औसा, उदगीरच्या वाटेवरचा शिपाई काळ्या रानातून चालत येणार. आपली माती ओली असली की काळीभोर, वाळली की राखाडी. म्हणून शेतातलीच माती पातळ कापडातून चाळायची, फेविकॉल १ भाग आणि पाणी ३ भाग यात कालवून घोट्यापासून गुडघ्यापर्यंत शिंतोडे द्यायचे. गुडघ्याच्या वर विरळ, छातीवर नाहीच.

सगळ्यावर मॅट वार्निशचे दोन हात, नाहीतर घामानं आणि पावसानं खालचा फेविकॉल पुन्हा मऊ पडतो. वार्निश वाळल्यावर कुलपात घालायची ग्राफाइट पावडर बोटानं कडांवर घासली की ती फाळाच्या टोकाची चमक येते. आधी घासली तर वार्निशखाली ती मरते. जिथं कापड घासतं तिथं मात्र नको, सदरा काळा होतो.

मामा, हे सगळं तुम्ही पाने खाली ठेवून, गिऱ्हाईक उभं असताना सांगितलंत, आणि त्याचा एक रुपयाही घेतला नाहीत. आम्ही मनापासून आभारी आहोत. १९ फेब्रुवारीच्या मिरवणुकीला या. पुढच्या रांगेतल्या चिलखतावर डाव्या खांद्याच्या रिव्हेटखाली गंजाचा ओघळ जरा लांबलाय असं आम्हाला वाटतं. तो पुसायचा का राहू द्यायचा, ते तुम्हीच बघून सांगा.

आपले,
फोमची चिलखतं करणारे, परभणी