नवं रबर नंतर, आधी काच बघा

संपादक महोदय,

कापडी टपाच्या जुन्या गाडीत बाजूच्या काचेतून पाणी आलं की मालक नवं रबर घ्यायला धावतात. ‘एमजीबी रोडस्टर’ या ब्रिटिश दोन आसनी गाडीमध्ये (१९६२-८०) दोष बहुधा काचेच्या बैठकीत असतो. दाराला वर चौकटच नाही. काच थेट टपाच्या रबराला टेकते.

आधी बिजागऱ्या नीट करा. मग टप चढवून, रबर आणि काचेमध्ये कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी ओढताना अडली पाहिजे. अलगद निघाली तिथेच फट. दाराचं पॅनल काढून काच ज्यांत वर-खाली सरकते त्या मार्गिकांचे बोल्ट सैल करा, काच एकावेळी १-२ मिलिमीटरच आत कलवा. जास्त कलवलीत तर दार लावताना रबर दुमडून फाटतं. रबराला सिलिकॉन ग्रीसच लावा. बेअरिंगच्या ग्रीसने ते फुगतं.

– जुन्या गाड्यांचे काही कारागीर, पुणे