चिंगीबद्दल थोडं

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आई म्हणाली, "रात्री-अपरात्री काही झालं तर तिथे आहे कोण?" मी म्हटलं, "चिंगी आहे." आई गप्प झाली आणि मागून बाबांचा आवाज आला, "अगं, कुत्री काय करणार?" प्रश्न रास्त आहे. पण त्याचं उत्तर फोनवर घाईघाईत देण्यासारखं नाही, म्हणून सवडीने लिहायला बसले.

मागच्या वेळची फिट घरातल्या कॅमेऱ्यात आली आहे. कॅमेरा लावायला डॉक्टरांनीच सुचवलं होतं. मान कुठल्या बाजूला वळते, कोणता हात आधी आखडतो, हे प्रत्यक्ष दिसलं की त्यांना निदान करायला सोपं जातं, आणि मला तर त्यातलं काहीच आठवत नसतं. ते चित्रण बघताना मी स्वतःकडे फारसं पाहिलंच नाही, चिंगीकडेच बघत होते. ती टेबलाखाली झोपली होती. मी पडले तशी ताडकन उठली, शेपूट पायांत घालून मागे सरली. हातपाय झटके देत होते तोवर लांबूनच घिरट्या घालत राहिली, मधेच भुंकली. घाबरली होती, ते सरळ दिसतं. दार उघडं होतं, तरी ती बाहेर पळाली नाही. झटके थांबले, माझा श्वास घरघरायला लागला, तेव्हा दबकत जवळ आली. आधी तोंडाचा वास घेतला, हनुवटीवरची लाळ चाटली आणि मग माझ्या पाठीला पाठ लावून आडवी झाली. मी उठून बसेपर्यंत तिथून हलली नाही.

आता कॅमेऱ्यात न आलेलं सांगते. फिट तुम्ही कितीदा पाहिली आहे, पण ती संपल्यावर आतून कसं वाटतं हे मी तुम्हाला नीट कधी सांगितलं नाही. झटके दोन-एक मिनिटांत थांबतात. खरं अवघड असतं ते त्यापुढचं. डोळे उघडे असतात, पण समोर दिसतंय त्याला काही अर्थच नसतो. आज वार कोणता, हे घर कुणाचं, काही कळत नाही. जीभ चावलेली असते, अंग ठणकत असतं, आणि कारण नसताना रडू येतं. अशा वेळी मला सगळ्यात आधी कळते ती पाठीला लागलेली ऊब. तिचं पोट वरखाली होत असतं, ते जाणवतं. चिंगी हे नावही तेव्हा आठवत नाही, पण हे आपलं माणूस आहे एवढं कळतं. मग हात आपोआप तिच्या कानामागे जातो, आणि हळूहळू बाकीचं जग जागेवर येतं.

आई, आता लिहिते आहे त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. लहानपणी शुद्धीवर येताना मला आधी दिसायचे ते तुझे डोळे. बाबा पायाशी बसलेले असायचे, तळवे चोळत. कुणी बघायच्या आत तू माझे ओले कपडे बदललेले असायचेस. तुमच्या दोघांच्या चेहऱ्यावरची भीती बघून मी, बोलता येईल तितक्या लवकर, "मी बरी आहे" म्हणायचे. तेव्हा मी बरी नसायचे. पण ते ऐकल्याशिवाय तुमचा जीव भांड्यात पडणार नाही, हे मला फार लवकर कळलं होतं. तुम्ही घाबरलात कारण तुमचा माझ्यावर जीव आहे. त्यात तुमचं काहीच चुकलं नाही. चिंगीही घाबरते. फरक एवढाच की तिला माझ्याकडून काही ऐकायचं नसतं. मला हवं तितका वेळ मी बरी नसले तरी तिला चालतं. ओल्या कपड्यांत असले तरी ती तशीच चिकटून बसते. बाबा, कुत्री काय करते, तर हे करते.

तिच्याकडून याहून जास्त अपेक्षा मी धरत नाही, आणि तुम्हीही धरू नका. कुत्र्यांना फिट आधीच कळते असा व्हिडिओ बाबांनी पाठवला होता. त्यात तथ्य अगदीच नाही असं नाही. फ्रान्समधल्या रेन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की फिटच्या वेळी माणसाच्या अंगाला वेगळा वास येतो आणि शिकवलेल्या कुत्र्यांना तो ओळखता येतो. पण तिथे कुत्र्यांसमोर वासाचे नमुने ठेवले होते. घरातली कुत्री दर वेळी वेळेवर सूचना देईल हे त्यावरून ठरत नाही. चिंगी कधीकधी उगाचच येऊन चिकटते, पाय सोडत नाही, आणि काहीच होत नाही. काही ठिकाणी कुत्र्यांना यासाठी खास शिकवतात. ती भुंकून माणसं गोळा करतात, धोक्याचं बटण दाबतात. चिंगीला यातलं काही येत नाही.

म्हणून बाकीचा बंदोबस्त मी वेगळा केला आहे. शेजारच्या ताईंकडे किल्ली आहे. काय करायचं तेही त्यांना नीट सांगितलं आहे: कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवायचं, हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात चमचा काय, पाणीसुद्धा घालायचं नाही. घड्याळ लावायचं, आणि पाच मिनिटांत थांबलं नाही तर ॲम्ब्युलन्स बोलवायची. चिंगीशी त्यांची मुद्दाम ओळख करून दिली, नाहीतर मी पडलेली असताना ती त्यांना जवळ येऊ द्यायची नाही. न्हाणीघराची कडी मी आतून लावत नाही. गोळ्यांचा गजर दोन्ही वेळेला वाजतो. गोळी चुकणं आणि जागरण, ही माझी दोन मोठी कारणं. त्यातलं जागरण चिंगीमुळेच बंद झालं. सकाळी उजाडायच्या आत तिला बाहेर जायचं असतं, त्यामुळे रात्री मुकाट्याने वेळेवर झोपावं लागतं. तुम्ही दोघांनी किती वर्षं सांगितलं होतं, "लवकर झोप"!

बाबांना आकडे आवडतात म्हणून लिहिते. जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की नीट निदान आणि औषध मिळालं तर त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत लोकांना फिटशिवाय जगता येईल. मी अजून त्यांच्यात नाही, पण दोन फिटमधलं अंतर वाढतं आहे, आणि डॉक्टरांनी औषध बदलण्याचा विचार बोलून दाखवला आहे.

आणखी एक, जे कळल्यावर मी बराच वेळ चिंगीला कुरवाळत बसले होते. तिच्या डॉक्टरांनी सांगितलं की कुत्र्यांनाही अपस्मार होतो, आणि त्यांना बहुतेकदा फिनोबार्बिटोन देतात. माणसांसाठी ते १९१२ पासून वापरात आहे. आई, लहानपणी तू साखरेत चुरून द्यायचीस ती गोळी हीच. चिंगीला तसं काही नाही, काळजी करू नका. पण कधी झालंच, तर तिच्या पाठीशी मी आडवी होईन.

आता तुमच्याबद्दल. आई, तू अजून रात्री उठून फोन बघतेस, हे बाबांनी सांगितलं. फिट आली आणि काही बिघडलं तर शेजारच्या ताई तुम्हाला फोन करतील, तसं पक्कं ठरलं आहे. बाकी वेळी फोन वाजला नाही म्हणजे मी झोपले आहे असं समज. पुढच्या महिन्यात दोघं राहायला या. आतली खोली तुमची. दार लावून झोपायचं. माझ्या उशाशी बसून राहायचं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आणि बाबा, येताना तुमची ती निळी वही आणा, ज्यात तुम्ही माझी प्रत्येक फिट तारीख, वेळ आणि मिनिटांसकट लिहून ठेवली आहे. नव्या डॉक्टरांना पहिल्या फिटपासूनचा इतिहास हवा आहे, आणि तो तुमच्याइतका नीट दुसऱ्या कुणीच लिहिलेला नाही. मागची काही पानं कोरी असतील तर बरंच. पुढच्या नोंदी त्याच वहीत मी करेन.

तुमची,
नीलू