‘माझ्याकडेही नलच येतोय’ असं लिहिणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

एक्सएमएल फाइल जॅक्सबीने (एक्सएमएलमधून जावाचे ऑब्जेक्ट बनवणारी लायब्ररी) वाचली की आतलं फील्ड नल, म्हणजे रिकामं येतं, असं आम्ही विचारलं होतं. तुमच्या उत्तराची पहिलीच ओळ होती, ‘फाइल चालवून पाहिली, माझ्याकडेही नलच येतोय.’ उपाय त्याखाली होता आणि तो लगेच लागू पडला. तरी आधी आभार मानायचे आहेत ते या ओळीचे. तोवर सल्ला देणाऱ्यांपैकी एकानेही फाइल उघडली नव्हती. गेटर-सेटर नीट लिहा. लायब्ररी बदला. जॅक्सबी जुनं झालं, सोडून द्या. आणि सर्वांत घातक सल्ला: फाइल स्ट्रिंग म्हणून वाचा आणि नेमस्पेस (टॅगची नावं कुठल्या संचातली हे सांगणारी खूण) रेप्लेस करून उडवा. संदेशावर डिजिटल सही असेल, तर ती नेमस्पेससकट मजकुरावर केलेली असते. नेमस्पेस उडवला की सहीची पडताळणी फसणार, आणि चूक भलतीकडेच शोधत बसावं लागणार. इतक्या ठामपणे असा सल्ला देणाऱ्यांनी एकदा तरी तो स्वतः चालवून बघायला हवा होता.

तुम्ही चालवून पाहिलंत. फाइल होती आयएसओ 20022 या पेमेंट-संदेशांच्या आंतरराष्ट्रीय मानकातल्या पेन.001 ची, म्हणजे खातेदार कंपनीने बँकेला दिलेल्या पैसे पाठवण्याच्या आदेशाची. आपल्याकडे आरटीजीएस 2013 पासून याच आयएसओ 20022 वर चालतं, त्यामुळे या खड्ड्यात पडणारे इथे पुष्कळ असतील. मुळाशी डॉक्युमेंट हा एलिमेंट (टॅग), त्यावर एकदाच लिहिलेला डिफॉल्ट नेमस्पेस. मुळाचा ऑब्जेक्ट व्यवस्थित तयार होतो, आतलं फील्ड मात्र नल, आणि एक्सेप्शन एकही नाही.

कारण तुम्ही जसं उलगडलंत तसं आजवर कुणी सांगितलं नव्हतं. फाइलमध्ये मुळावर लिहिलेला डिफॉल्ट नेमस्पेस आतल्या सगळ्या एलिमेंटना आपोआप लागतो. अ‍ॅनोटेशनच्या, म्हणजे जावाच्या क्लासवर लिहिलेल्या सूचनांच्या, बाजूला असा वारसा नसतो. एक्सएमएल-रूट-एलिमेंटमध्ये दिलेला नेमस्पेस त्या मुळापुरताच. आतल्या फील्डवरच्या एक्सएमएल-एलिमेंटला नुसतं नाव दिलं असेल, तर जॅक्सबी ते नाव बिनानेमस्पेसचं धरतं. फाइलमधलं नाव नेमस्पेसचं, क्लासमधलं नाव त्याच्याशिवायचं. दोन्ही जुळत नाहीत. आणि ओळखीचा नसलेला एलिमेंट मुकाट्याने गाळून पुढे जायचं, ही अनमार्शलरची (एक्सएमएल वाचून ऑब्जेक्ट भरणाऱ्या भागाची) ठरलेली वागणूक.

म्हणून तुम्ही दुरुस्तीच्या आधी त्याला बोलतं केलंत. सेट-इव्हेंट-हँडलरला फॉल्स परत करणारा हँडलर दिला की वाचन पहिल्याच अनोळखी एलिमेंटपाशी थांबतं. चुकीच्या संदेशात सुरुवातीला तो अनोळखी एलिमेंट त्याच्या नेमस्पेससकट दिसतो, पुढे अपेक्षित एलिमेंटची यादी. त्या यादीत नावाआधी रिकामे महिरपी कंस दिसले, की समजायचं: क्लासच्या बाजूला नेमस्पेस लागलेलाच नाही. ही खूण कळली तेव्हा खरोखर डोळ्यांत पाणी आलं.

दुरुस्ती एका छोट्या फाइलची. क्लास ज्या पॅकेजात आहेत तिथेच पॅकेज-इन्फो या नावाची जावा फाइल ठेवायची. तिच्यात एक्सएमएल-स्कीमा हे अ‍ॅनोटेशन, त्यात पूर्ण नेमस्पेस आणि एलिमेंट-फॉर्म-डिफॉल्ट क्वालिफाइड, म्हणजे आतले एलिमेंटही त्याच नेमस्पेसचे. अ‍ॅनोटेशन पॅकेजच्या ओळीच्या वर, इम्पोर्ट मात्र त्या ओळीच्या खाली. हा क्रम उलटा वाटतो म्हणून तुम्ही तो अधोरेखित केलात. ही फाइल उपपॅकेजांना लागू होत नाही, तेव्हा क्लास दोन पॅकेजांत विभागलेले असतील तर दोन्हीकडे ती हवीच. अ‍ॅट्रिब्यूटसाठी तसंच क्वालिफाइड करायचा मोह टाळा, हेही तुमचंच. रकमेसोबतचं चलन हे बिनानेमस्पेसचं अ‍ॅट्रिब्यूट आहे, डिफॉल्ट नेमस्पेस अ‍ॅट्रिब्यूटला लागत नाही. त्या रकमेचा क्लासही तुम्ही सोपा करून दिलात: आकड्यावर एक्सएमएल-व्हॅल्यू, चलनावर एक्सएमएल-अ‍ॅट्रिब्यूट, आणि आकडा बिग-डेसिमल.

न विचारलेल्या गोष्टीही सांगितल्यात. अ‍ॅनोटेशन फील्डवर आणि गेटर-सेटर पब्लिक असतील, तर ‘एकाच नावाच्या दोन प्रॉपर्टी’ अशी तक्रार येते, कारण जॅक्सबी मुळात पब्लिक गेटर-सेटरचीही प्रॉपर्टी धरतं. क्लासवर एक्सएमएल-अ‍ॅक्सेसर-टाइप फील्ड लावलं की ती जाते. फील्डचा क्रम ठरवणाऱ्या प्रॉप-ऑर्डरमध्ये जावातली नावं लिहायची, एक्सएमएलमधली नव्हे, आणि एलिमेंट होणारं एकही फील्ड यादीतून सुटता कामा नये. हा क्रम पेन.001 मध्ये फार महत्त्वाचा: आधी संदेशाचा क्रमांक, मग तयार झाल्याची तारीख-वेळ, मग व्यवहारांची संख्या. क्रम चुकला की बँकेच्या स्कीमा (फाइलच्या रचनेचे नियम) तपासणीत फाइल परत. रिक्वायर्ड ट्रू लिहिलं म्हणून जॅक्सबी रिकामं फील्ड अडवत नाही. त्यासाठी मार्शलरला (ऑब्जेक्टचं एक्सएमएल लिहिणाऱ्या भागाला) सेट-स्कीमाने एक्सएसडी, म्हणजे स्कीमाची फाइल, द्यावी लागते. इम्पोर्टकडेही बघायला सांगितलंत. जावा 11 पासून जॅक्सबी जावासोबत येत नाही, ते वेगळं जोडावं लागतं. रनटाइम जकार्ता या नव्या पॅकेज-नावाचा आणि अ‍ॅनोटेशन जुन्या जावाएक्सची असतील, तर ती अ‍ॅनोटेशन त्याला दिसतच नाहीत.

एवढं सगळं ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांना आमची फाइल चालवायची काय गरज होती? उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक असणार. तरी तुम्ही ती उतरवलीत, चालवलीत, नल आलेला स्वतः पाहिलात आणि तसं लिहिलंत. अडलेल्या माणसाला त्या एका ओळीने जो धीर येतो, तो बरोबर उत्तरानेही येत नाही. ‘बेसिक वाचून या’ म्हणणारे ढिगाने भेटतात. दुसऱ्याची चूक आधी आपल्या मशीनवर करून बघणारी माणसं फार थोडी, आणि ती आहेत म्हणून हे काम करावंसं वाटतं.

तुमची बारा ओळींची चाचणी आता आमच्या टेस्टच्या फोल्डरमध्ये आहे, हँडलर फॉल्स ठेवूनच. प्रत्येक बिल्डला ती चालते. तुम्ही वर लिहिलेली कॉमेंट तशीच राहू दिली आहे: ‘इथे नल आला तर आधी पॅकेज-इन्फो जागेवर आहे का बघा.’

आपले कृतज्ञ,
पेमेंटच्या फाइली वाचणारी एक टीम