परदेशी शाळेतील सहकाऱ्यांची पंगत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशात शिक्षकाची नोकरी करू इच्छिणाऱ्या तरुणांना पगार, व्हिसा आणि राहण्याची सोय यांविषयी माहिती देणारे पुष्कळ भेटतात. परंतु ज्या माणसांबरोबर दिवसाचे आठ तास काढायचे, त्यांच्यात मिसळायचे कसे, हे सांगणारे मला तरी जाण्यापूर्वी कोणी भेटले नाही. ऑगस्ट २०२२ पासून दोन वर्षे मी दक्षिण कोरियातील दक्षिण ग्योंगसांग प्रांतात, एका लहान गावातील सरकारी प्राथमिक शाळेत सहायक इंग्रजी शिक्षिका होते. भारत आणि कोरिया यांच्यातील आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० रोजी अमलात आला आणि शिक्षकाची पात्रता असलेल्या भारतीयांना तेथील शाळांत इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून जाण्याची वाट मोकळी झाली. या वाटेने पुढे जाणाऱ्यांसाठी हे पत्र लिहीत आहे.

कोरियन शाळांत ‘ह्वेशिक’ नावाची प्रथा आहे. शब्दाचा अर्थ एकत्र जेवण. नवे सत्र सुरू झाले, एखाद्या शिक्षकाची बदली झाली, स्नेहसंमेलन पार पडले, की शाळा सुटल्यावर सगळे शिक्षक मुख्याध्यापकांसह जवळच्या खानावळीत जातात. टेबलाच्या मधोमध जाळीवर डुकराचे मांस भाजले जाते आणि सोबत ‘सोजू’ ही मद्याची छोटी हिरवी बाटली असते. मी शाकाहारी आहे आणि मद्य घेत नाही. ज्यांच्यामार्फत मी गेले, त्यांनी निघताना स्पष्ट बजावले होते की, धर्माचे कारण सांगावे आणि असली जेवणे सरळ टाळावीत. मी चार महिने तसेच केले. प्रत्येक वेळी नम्रपणे नकार दिला आणि आपण कोणाला दुखावले नाही, या समजुतीत राहिले.

डिसेंबरपर्यंत बोलावणी थांबली. शाळेतल्या सूचना संगणकावरील अंतर्गत संदेशातून कोरियन भाषेत येत आणि माझ्या शेजारी बसणाऱ्या शिक्षिका त्यांतील महत्त्वाच्या मला समजावून सांगत; त्यांनी जेवणाच्या सूचना सांगणे सोडून दिले, कारण मला यायचे नसते, असा त्यांचा समज झाला होता. त्यात त्यांची काही चूक नव्हती. पण त्याबरोबर बाकीचे बोलणेही आटले. वर्गातील एका मुलाच्या घरी दुखवटा आहे, हे शिक्षककक्षात सर्वांना ठाऊक होते. मला ते आठवडाभराने कळले, आणि तोपर्यंत मी त्याला गृहपाठ न केल्याबद्दल दोनदा उभे केले होते. ती गोष्ट मला आजही लागून राहिली आहे.

हिवाळ्याच्या सुट्टीनंतर, फेब्रुवारीत, निरोपाचे जेवण होते. कोरियात शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये सुरू होते आणि सरकारी शाळांतील शिक्षकांची ठरावीक वर्षांनी बदली होत असल्याने फेब्रुवारीत शाळेतील कितीतरी चेहरे कायमचे जातात. त्या वेळी मी स्वतःहून विचारले आणि गेले. कोरियात मांस खात नाही म्हटले तरी रस्सा सुकवलेल्या मासळीच्या पाण्याचा असू शकतो आणि किमचीतही बहुधा मासळीचा अर्क असतो, म्हणून काय चालते आणि काय नाही, हे मी कागदावर कोरियन भाषेत लिहून आदल्या दिवशीच शेजारच्या शिक्षिकेला दिले होते. त्यांनी खानावळीत फोन करून ठेवला होता. माझ्यापुढे भात, लेट्युसची पाने, भाजलेला लसूण आणि अळंब्या आल्या. मुख्याध्यापक बाटली घेऊन जवळ आले तेव्हा मी पेला दोन्ही हातांनी पुढे केला; त्यांनी बाटली खाली ठेवली, कोला मागवला आणि तोही दोन्ही हातांनीच ओतला. मग मी त्यांचा पेला भरला, आपण तीर्थ घेताना उजव्या हाताखाली डावा धरतो तसा हात धरून. मद्य न पिणाऱ्याला तिथे बसता येते. न येणाऱ्याला मात्र काहीच कळत नाही. शिवाय तेथील तरुण शिक्षकांनाही रात्री उशिरापर्यंत चालणारे पिणे नकोसे झाले आहे आणि करोनानंतर अशी जेवणे पुष्कळ आटोपशीर झाली आहेत, असे ते स्वतःच सांगत.

त्यानंतर दर बुधवारी दुपारी व्यायामशाळेत होणाऱ्या शिक्षकांच्या व्हॉलीबॉललाही मी जाऊ लागले. आपण जसे ‘बाई’ आणि ‘सर’ म्हणतो, तसे ते एकमेकांना ‘सन्सेंगनिम’ म्हणतात. नावाने हाक मारत नाहीत. मलाही त्या मैदानावर प्रथमच तशी हाक आली.

२०२३ साली अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला होती आणि कोरियाचा छुसॉक हा सुगीचा सण २९ सप्टेंबरला, कारण तोही चांद्र मासाच्या पौर्णिमेलाच येतो. सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी शिक्षककक्षात ‘सोंगप्योन’ आले. तांदळाच्या पिठीची पारी, आत तीळ आणि साखर, आकार करंजीसारखा, आणि पाइनच्या पानांवर उकडलेले. मी फोनमधला घरच्या उकडीच्या मोदकांचा फोटो दाखवला, तेव्हा पन्नाशीच्या एक शिक्षिका उठून माझ्या टेबलाशी आल्या आणि पारी फुटू नये म्हणून आम्ही काय करतो, हे त्यांनी विचारले. आम्ही उकड किती वेळ मळायची यावर बोलत राहिलो, मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये आणि हातवाऱ्यांनी.

परदेशी शाळांत शिक्षक पाठवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, जेवणे टाळा हा सल्ला कृपया देऊ नये. आहाराची अडचण आधी लेखी कशी कळवावी, पेला कसा धरावा, थोरांसमोर कसे बसावे, किती वाजता निरोप घेतला तर चालतो, एवढे परत आलेल्या एखाद्या शिक्षकाकडून दोन तासांत शिकवता येते. आमच्या भागात कोणी असा वर्ग ठेवला, तर मी तो विनामोबदला घेण्यास तयार आहे.

आपली,
एक शिक्षिका, सातारा